आलेखातील पायरी

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या भाचीची मुलगी महिनाभर आमच्याकडे आदिलाबादला येऊन राहिली होती. तिला राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करावयाची होती. आमच्या घरी वर्दळ नाही, आणि आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्याने शंका विचारायला घरातच माणूस आहे, असा तिच्या आईचा हिशेब होता. हिशेब बरोबरच होता. फक्त शंका पडण्याची पाळी आमच्यावरच येईल, हे त्यात धरलेले नव्हते.

एके दुपारी ती एक तेलुगू मार्गदर्शक पुस्तक घेऊन बसली होती. त्यात एक आलेख होता. आडव्या अक्षावर १९६१ पासून २००१ पर्यंतची जनगणनेची वर्षे, उभ्या अक्षावर लाखांचे आकडे आणि मधून चढत गेलेली एक जाड रेषा. ही रेषा तत्कालीन आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातींच्या लोकसंख्येची होती. १९६१ साली १३.२४ लाख, १९७१ साली १६.५८ लाख, १९८१ साली ३१.७६ लाख, १९९१ साली ४१.९९ लाख आणि २००१ साली ५०.२४ लाख. खाली प्रश्न होता : १९७१ ते १९८१ या दशकातील असाधारण वाढीचे प्रमुख कारण कोणते? त्याखाली चार पर्याय. मुलीने ‘आरोग्यसेवांतील सुधारणा’ या पर्यायावर खूण केली आणि मागील पानावरची उत्तरे पाहून ‘बरोबर’ असे लिहून ती पुढील प्रश्नाकडे वळली.

आम्ही तिला थांबविले. ती म्हणाली, “आजोबा, उत्तर बरोबर आहे की! इथे छापलंय.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. छापलेले होते खरे. परंतु ते वाक्य पाहून आम्ही अंमळ ओशाळलो, कारण सुमारे अडतीस वर्षांपूर्वी जवळपास हेच वाक्य आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले होते.

तेव्हा आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका खात्यात नव्याने रुजू झालो होतो. खात्याचे नाव घेण्याचे कारण नाही, चूक आमची होती. वय सव्वीस-सत्तावीस, पदवी हाती, आणि आकड्यांचे तक्ते ज्यांना कंटाळवाणे वाटतात अशा वरिष्ठांना आलेख काढून दाखविला की ते खूश होतात, हे गुपित नुकतेच उमगलेले. एका आढावा बैठकीसाठी आम्ही हाच आलेख काढला. हिरव्या चौकटींचा आलेख कागद, पट्टी, काळी शाई. रेषा इतकी सुरेख उतरली की तिच्याकडे पाहताना आमचे आम्हांलाच कौतुक वाटले. १९६१ ते १९७१ या दशकात वाढ सुमारे २५ टक्के, म्हणजे लोकसंख्या सर्वसाधारणपणे वाढते तशी. पुढच्या दहा वर्षांत मात्र ९२ टक्क्यांच्या आसपास! त्याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या ४.३५ कोटींवरून ५.३५ कोटींवर, म्हणजे २३ टक्क्यांनी वाढली होती. रेषेत जिन्याची पायरी असावी तशी उंची दिसत होती. पायरी दिसली की तिचे कारण द्यावेच लागते; आलेखाखाली रिकामी जागा सोडणे हे सरकारी टिपणाच्या प्रकृतीला मानवत नाही. आम्ही लिहिले की आरोग्यसेवांचा दुर्गम भागात विस्तार झाल्यामुळे जमातींच्या लोकसंख्येत लक्षणीय वाढ झालेली दिसते.

‘दिसते’ हे क्रियापद आम्ही मोठ्या सावधपणाने घातले होते, असे आता आठवते. बैठकीत ते कोणी ऐकले नाही. लक्षात राहिली ती ‘लक्षणीय वाढ’. हिवतापाच्या दिवसांत उटनूरकडच्या गुड्यांमध्ये औषधफवारणी वाढवावी अशी एक मागणी त्याच बैठकीपुढे होती. त्या मागणीवर बोलताना एका वरिष्ठांनी आमच्या आलेखाकडे बोट केले आणि विचारले, माणसे दहा वर्षांत दुप्पट होत असतील तर ओरड कशाची? मागणी ‘पुढील वर्षी विचारार्थ’ या सदरात गेली. नोकरीत असलेल्यांना या सदराचा अर्थ ठाऊक असतो.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गोंड गुरुजी आमच्या टेबलाशी आले. मराठी स्वच्छ बोलत. जैनद-बेल्याकडच्या पुष्कळ गोंडांचे मराठी आमच्यासारख्यांना लाजविणारे असते. त्यांचे काम दुसरेच होते; पण भिंतीवर टांगलेला आलेख पाहून ते थबकले. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी तो वाचला. मग शांतपणे म्हणाले, “साहेब, एक विचारू? आमच्या गावात एकाहत्तर साली चाळीस घरं होती. आता बावन्न आहेत. दुप्पट माणसं कोणत्या गावात झाली, तेवढं सांगा.”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. पूर्ण राज्याची सरासरी, एका गावावरून अनुमान काढता येत नाही, वगैरे. ते सारे पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होते. गुरुजींनी मान हलविली आणि जाता जाता एवढेच म्हणाले, “माणसं वाढली की यादी वाढली, ते बघा.”

त्यांच्या या शब्दांनी आम्हांला जे शोधायला लावले, ते खरे म्हणजे कोणत्याही कार्यालयातील कपाटात सापडण्यासारखे होते. १९७६ साली संसदेने अनुसूचित जाती आणि जमातींच्या आदेशांत दुरुस्ती करणारा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. त्यापूर्वी आंध्र भागातील सुगाली, लंबाडी यांची नोंद अनुसूचित जमातींत होत असे. तेलंगणातील लंबाड्यांची होत नसे. राज्य एक, भाषा एक, रूढी एक. मात्र पूर्वीच्या निजामी मुलखात राहणारा यादीबाहेर आणि पूर्वीच्या मद्रास इलाख्यात राहणारा यादीत, अशी ती स्थिती होती. एखादी जमात राज्याच्या अमुक भागातच जमात मानावी, हे बंधन त्या कायद्याने पुष्कळ अंशी दूर केले. १९८१ साली जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहिला तेव्हा तेलंगणातील लाखो लंबाडे प्रथमच त्या रकान्यात गेले. रेषेतील पायरी मुख्यतः तेथे आहे. ती दवाखान्यात बांधलेली नाही, संसदेत बांधलेली आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू आम्हांला आमच्या कार्यालयातीलच एका बंजारा लिपिकाने दाखविली. गुरुजींचे म्हणणे आणि कायद्याचा शोध आम्ही उत्साहाने त्याला सांगितला, तेव्हा तो जरा तुटकपणे म्हणाला, “साहेब, म्हणजे आम्ही वरून पडलो की काय? आमचा तांडा माझ्या आजोबांच्या आधीपासून इथंच आहे. तुमच्या कागदावर आम्ही आत्ता आलो, एवढंच.” आम्ही चपापलो. आरोग्यसेवेची चूक सुधारण्याच्या भरात आम्ही दुसरी चूक करीत होतो. ‘यादी वाढली’ या वाक्याचा सूर ‘उपरे आले’ असा लागू लागला होता.

आणि तरीही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. पैनगंगेच्या अलीकडे जो बंजारा अनुसूचित जमातीत मोजला जातो, तोच पलीकडे महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. कर्नाटकात गेला तर अनुसूचित जातींत. सोयरीक एकाच तांड्यात, भाषा तीच गोरबोली, पण तीन राज्यांत तीन रकाने. साहजिकच नदीच्या अलीकडे येऊन राहण्याचा मोह काही कुटुंबांना पडला. आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये आयुष्याचा मोठा काळ घालविलेल्या क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या स्थलांतराची आणि त्यामुळे गोंडांच्या जमिनींवर आलेल्या ताणाची कळकळीने नोंद केली आहे. म्हणजे त्या पायरीत तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत : जन्माने झालेली वाढ, कायद्याने झालेली वाढ आणि वाटेने चालत आलेली वाढ. रेषा एकच आहे. तिच्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी तिघींचे वाटे वेगळे होत नाहीत; त्यासाठी रेषा सोडून तालुक्यांच्या तक्त्यांकडे आणि गावांकडे जावे लागते. २०१७ च्या अखेरीस उटनूर परिसरात गोंड आणि लंबाडे यांच्यात जे दुर्दैवी संघर्ष झाले, त्या काळात दोन्ही बाजूंच्या तोंडी जनगणनेचेच आकडे आम्ही ऐकले. एकाच रेषेवर एकजण ‘घुसखोरी’ वाचत होता आणि दुसरा ‘उशिरा मिळालेला न्याय’. गुरुजी तोवर हयात नव्हते. ते असते तर काय म्हणाले असते, याचा विचार आम्ही त्या दिवसांत पुष्कळदा केला.

हे सारे ऐकून मुलगी गंभीर झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे आलेख खोटेच असतात म्हणायचे.” हा परिणाम आम्हांला अभिप्रेत नव्हता. तरुण माणसाला एका भाबडेपणातून काढून दुसऱ्यात ढकलणे फार सोपे असते. तेव्हा तिला एक जुना आलेख, खरे तर आलेखवजा नकाशा, दाखवावा असे ठरविले.

इतिहासाच्या अभ्यासात आलेख आला तो तसा अलीकडेच. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचा एक आलेखसंग्रह प्रसिद्ध केला, तेथून काळ आडवा आणि पैसा उभा मांडण्याची पद्धत रुळली. त्यातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. बाकी देशांच्या व्यापाराचे आकडे त्याच्याकडे अनेक वर्षांचे होते, स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे. एका वर्षाची रेषा काढता येत नाही, म्हणून त्याने शेजारी शेजारी पट्ट्या काढल्या. आज शाळेतली मुले ज्याला स्तंभालेख म्हणतात तो असा माहितीच्या टंचाईतून आला. प्लेफेअरने टंचाई लपविली नाही, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

परंतु आम्ही मुलीला दाखविला तो शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याचा नकाशा. हा मनुष्य सरकारी बांधकाम खात्यातून १८५१ साली, सत्तराव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याचे उत्तमोत्तम काम त्यानंतरचे आहे, हे सांगताना आमचा आवाज किंचित चढला असल्यास वाचक समजून घेतील. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत सैन्य कसे झडत गेले, हा त्याचा १८६९ चा आलेख जगप्रसिद्ध आहे. आम्हांला मात्र त्याचा १८६६ चा कापसाचा नकाशा अधिक जवळचा वाटतो. १८५८, १८६४ आणि १८६५ या तीन वर्षी युरोपात कापूस कोठून किती आला, ते त्याने समुद्रावर वाहणाऱ्या पट्ट्यांनी दाखविले आहे. पट्टा जितका रुंद तितका कापूस अधिक. १८५८ च्या चित्रात अमेरिकेहून इंग्लंडकडे जाणारा पट्टा महानदीसारखा आहे आणि हिंदुस्थानचा ओहोळासारखा. १८६४ च्या चित्रात अमेरिकेचा पट्टा आटून दोरीएवढा झालेला, आणि हिंदुस्थानातून निघून आफ्रिकेला वळसा घालून जाणारा पट्टा फुगून रुंद झालेला दिसतो. सुएझचा कालवा तेव्हा खुला व्हावयाचा होता, म्हणून तो वळसा. मधल्या काळात, १८६१ पासून, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली होती.

आमच्या घराच्या गच्चीवरून कापसाची शेते दिसतात. त्या मुलीचे पणजोबाही कापूसच पिकवीत. तिने त्या रुंद पट्ट्यावर बोट ठेवले आणि विचारले, “आपला कापूस यात असेल?” पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथला आणि वर्धेकडचा कापूस, हिंगणघाटची ती नावाजलेली ‘बनी’, त्या वर्षांत मुंबईकडे ओढला गेला. तेव्हा त्या पट्ट्यातील काही धागे नदीच्या दोन्ही तीरांवरचे असतील, असे म्हणण्यास हरकत नाही. मग ती म्हणाली, “म्हणजे शेतकरी श्रीमंत झाले.” येथे पुन्हा थांबावे लागले. पट्टा कापसाच्या वजनाचा आहे. पैसा कोणाच्या हाती गेला, शेतकऱ्याच्या, सावकाराच्या, अडत्याच्या की मुंबईच्या सट्टेबाजाच्या, हे त्यात नाही. मिनारने ते दाखविल्याचा दावाही केलेला नाही. मुंबईतील शेअरांचा फुगा १८६५ साली युद्ध संपताच फुटला, हे इतिहासात आहे. नकाशात १८६५ सालीही हिंदुस्थानचा पट्टा रुंदच आहे. माल जात राहिला आणि भाव कोसळले, या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या बंड्या, हल्ली ट्रॅक्टर, मैलभर उभे असताना भाव पडलेला ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणखी एक : मिनारने आपल्या अशा नकाशांच्या शीर्षकातच ते ‘अंदाजी’ असल्याचे छापले आहे. आम्ही आमच्या टिपणात ‘दिसते’ लिहिले होते. फरक एवढाच की त्याने ते ठळक अक्षरांत लिहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जुन्या हैदराबाद संस्थानाचा आलेख काढावयास घेतला. बाजारातून आलेख कागद आणला. तो मिळविण्यासाठी चार दुकाने फिरावे लागले. संस्थानात पहिली खानेसुमारी १८८१ साली झाली. तेव्हा लोकसंख्या ९८ लाखांच्या थोडी वर होती. १८९१ साली ती १ कोटी १५ लाख झाली, १९०१ साली उतरून १ कोटी ११ लाख, १९११ साली चढून १ कोटी ३४ लाख आणि १९२१ साली पुन्हा उतरून १ कोटी २५ लाख. मुलीने ठिपके मांडले, पट्टी लावून जोडले. डोंगर-दऱ्यांसारखी रेषा तयार झाली.

पहिली दरी वाचणे कठीण गेले नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ तिच्या पुस्तकात होता. दुसऱ्या उताराशी मात्र आमच्या मनात आमच्या आजीचा आवाज उमटला. आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. वय विचारले की ती म्हणे, “मानमोडीच्या साली मी धा वर्षांची होते.” मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साली दिवाळीच्या आगेमागे तिच्या माहेरच्या वाड्यातून दहा दिवसांत पाच माणसे गेली. सरण रचायला माणसे उरली नव्हती, असे ती सांगे. आणि सांगून झाल्यावर बराच वेळ काही बोलत नसे.

आमच्या कागदावर १९११ चा ठिपका वर होता, १९२१ चा खाली, आणि मध्ये पट्टीने काढलेली सरळ, उतरती रेषा. जणू दर वर्षी थोडी थोडी माणसे शांतपणे कमी होत गेली. प्रत्यक्षात तसे घडलेले नसणार. साथ येईपर्यंत लोकसंख्या वाढतच असली पाहिजे, आणि मग काही महिन्यांत ती कड्यावरून कोसळावी तशी कोसळली. ठिपके खानेसुमारीचे होते. रेषा आमची होती. आम्ही मुलीला सांगितले, ठिपक्यांच्या मध्ये जे आहे ते पट्टीने भरलेले आहे, तेथे आजीचा वाडा आहे. तिने पेन्सिलने त्या उतारावर एक बारीक प्रश्नचिन्ह काढले.

अखिल भारताचा आलेख काढला तर ही गोष्ट आणखीच अदृश्य होते. १९११ साली सुमारे २५.२ कोटी, १९२१ साली सुमारे २५.१ कोटी. नेहमीच्या प्रमाणात काढलेल्या रेषेत तेथे वाकही नीट दिसत नाही. रेषा जरा आडवी झाल्यासारखी वाटते, एवढेच. त्या आडवेपणात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे मेलेली आहेत. आमच्या आरोग्याच्या टिपणातील पायरी डोळ्यांत भरणारी होती आणि तिथे कोणाचा जन्मही विशेष वाढला नव्हता. येथे रेषा जवळजवळ सपाट आहे आणि घरेच्या घरे बसलेली आहेत.

काही गोष्टी तर आलेखात मुळीच येत नाहीत. जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या कोमरम भीम यांना जोडेघाट येथे १९४० साली निजामाच्या पोलिसांनी ठार केले. त्यानंतर काही महिन्यांतच १९४१ ची खानेसुमारी झाली. महायुद्धामुळे तिचे तक्तेही पुरते तयार केले गेले नाहीत. त्या खानेसुमारीचा ठिपका पाहून जोडेघाटचा सुगावा लागणे शक्य नाही. तो लागतो गोंडांच्या आठवणींतून, आणि त्या उठावानंतर निजाम सरकारला हायमेनडॉर्फ यांच्यासारख्या अभ्यासकाला येथे बोलवावेसे वाटले, त्यातून.

मग आमच्या जिल्ह्याचा आलेख. येथे मुलीचा उत्साह दांडगा होता, कारण तो तिच्या घरचा होता. पण आम्ही आधी तिच्यापुढे नकाशे ठेवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडे आली. १९५१ चा ठिपका आणि १९६१ चा ठिपका एकाच नावाचे आहेत, एकाच जिल्ह्याचे नाहीत. या जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण काय झाले, यावर आमच्या मंडळींत अजूनही तावातावाने चर्चा होते आणि कोणी ना कोणी ही दोन वर्षे शेजारी ठेवून काहीतरी सिद्ध करतो. राजुऱ्याचा मराठी माणूस मराठी बोलायचा थांबला नाही. तो फक्त दुसऱ्या पानावर गेला.

मुलीने १९५१ आणि १९६१ जोडणारी रेषा खोडली. तेथे मोकळी जागा ठेवली. आम्हांला ती जागा पाहून, का कोण जाणे, बरे वाटले.

पुढची गंमत तिने स्वतः शोधली. २०११ साली आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचे चार भाग झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. त्याच २०११ च्या मोजणीप्रमाणे नव्या आदिलाबादच्या वाट्याला ७,०८,९७२ माणसे आली. तिने चारही आकड्यांची बेरीज करून पाहिली. ती जुन्या आकड्याशी तंतोतंत जुळली. मग ती म्हणाली, “आणि आदिवासींचे प्रमाण बघा ना आजोबा. जुन्या जिल्ह्यात सुमारे १८ टक्के, नव्यात ३२ टक्क्यांच्या जवळ. एकही घर हललं नाही, आणि…” तिने वाक्य अर्धेच सोडले आणि मार्गदर्शक पुस्तकातील ते पान पुन्हा उघडले. त्या आलेखाखाली तिने पेन्सिलीने ‘१९७६’ असे लिहिले.

“पण परीक्षेत हाच प्रश्न आला तर कशावर खूण करू?” तिने विचारले. परीक्षा आयोगाची होती, नोकरीचा प्रश्न होता, घरची स्थिती आम्हांला ठाऊक होती. आम्ही तिला काय सांगावे, हे आम्हांला चटकन सुचले नाही. आपल्या चुकीचा हिशेब दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत चुकता करू नये, एवढे कळत होते. शेवटी म्हणालो, चौथा पर्याय कोणता आहे बघ. तिने पाहिले. ‘यांपैकी नाही’ असा तो होता. ती हसली, आम्ही हसलो नाही.

ती परत गेल्यावर तो आलेख आमच्या टेबलावरच राहिला. परवा तिचा फोन आला तेव्हा आम्ही तिला विचारले, पुढचा ठिपका कुठे काढायचा, ठरवलेस का? २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर झाली आहे. आजवर दर दहा वर्षांना एक घर, अशी आमची आखणी. “दोन हजार अकराच्या पुढचं घर नाही चालणार,” ती म्हणाली, “दीड घराच्याही जरा पुढे घ्या, आजोबा. आणि कोणत्या आदिलाबादचा, तेही बाजूला लिहून ठेवा.” आम्ही पट्टी काढली, एक घर आणि पुढच्या घराचे सहा दशांश मोजले, आणि तेथे खाली, अक्षावर, एक बारीक खूण केली.